मुंबई मिळेपर्यंत गोड बंद

महाराष्ट्रासाठी मी गोड सोडलं आहे, अशी लालबागेत माझी कीर्ती होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत साखरेचा कण तोंडात घालणार नाही, अशी शपथ मी घेतली आहे, हे आमच्या चाळीच्या चारही मजल्यांना ठाऊक होतं आणि शेजारच्या दोन चाळींनाही. मी तेव्हा चौदा वर्षांची. नळावर गेले की बायका मला पुढे नंबर द्यायच्या, म्हातारी माणसं गालावरून हात फिरवायची. यातलं सगळं खोटं होतं. मला मधुमेह होता.

ही थाप आईची. त्याच्या आदल्या वर्षी मी एकाएकी वाळत चालले होते. माठातलं पाणी मला पुरेना, आणि अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, मुळ्यांचा काढा पाजला, आणि एका दुपारी मी मोरीतच आडवी झाले तेव्हा बाबांनी मला उचलून परळच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की जन्मभर रोज इन्सुलिनची सुई टोचावी लागेल, जेवण मापून, गोड बंद. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, की मग हिच्या लग्नाचं कसं व्हायचं? डॉक्टर भडकले. आधी तिला जगू तर द्या, म्हणाले. पण परतताना ट्राममध्ये आईनं ठरवून टाकलं होतं, की ही गोष्ट आपल्या तिघांच्या बाहेर जाणार नाही. चाळीत सांगितलं, विषमज्वर होता.

आता, रोग लपवणं एकवेळ सोपं, पण चाळीत राहून गोड नाकारणं फार कठीण. कुणाचा मुलगा पास झाला, पेढा. कुणाला मिलच्या कापडखात्यात कायम केलं, पेढा. महिनाभरातच खालच्या मजल्यावरच्या काकांकडे सत्यनारायण झाला. काका मिलमधून निवृत्त झालेले जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. पहाटे प्रभातफेरी काढायची, संध्याकाळी सभेला माणसं गोळा करायची, हे त्यांचं काम. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यापुढे शिऱ्याचा द्रोण धरला. प्रसादाला नाही म्हणायची आमच्याकडे सोय नाही. मी आईकडे पाहिलं, आणि आई घाबरून बोलून गेली, “तिनं गोड सोडलंय, काका. मुंबई मिळेपर्यंत.”

त्या दिवसांत जो तो काही ना काही सोडत होता. कुणी चहा सोडला होता, कुणी विडी, एकानं तर दाढी करणं सोडलं होतं आणि त्याची बायको वैतागली होती. गोळीबार होऊन गेला होता, पलीकडच्या चाळीतला एक तरुण घरी परतला नव्हता. अशा वेळी एवढीशी पोर गोड सोडते म्हटल्यावर काकांचे डोळे भरून आले. आईचा चेहरा पडला. शब्द परत घ्यावा असं तिला वाटलं असणार, पण काका तोवर सगळ्यांना ओरडून सांगत सुटले होते. (मुंबई मिळाली त्या दिवशी मी पेढा खाल्ला का, असं मला लोक अजून विचारतात. खाल्ला. सकाळी दीड तास खेळून आले आणि अख्खा खाल्ला.)

बाबांना खोटं बोलता यायचं नाही, म्हणून ते गप्प राहायचे. एरवीही ते कमीच बोलत. मिलमध्ये फिटर होते, हात असे स्थिर की सुई टोचली हे मला नंतर कळायचं. काचेची सिरिंज उकळायची, सुईचं टोक तेल लावलेल्या बारीक दगडावर घासून धार लावायची, भिंगातून बघायचं, बोथट वाटली तर पुन्हा घासायची, हे सगळं पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत. औषधाची बाटली गार राहावी म्हणून एका छोट्या पितळी गडूत घालून माठात सोडलेली असायची. पाहुणे आले की आई आधी माठाच्या तोंडावर झाकण ठेवून मग त्यांना बसा म्हणायची.

दर सकाळ-संध्याकाळ परीक्षा. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, आणि सर्वांत वाईट म्हणजे विटकरी. आमची नळी महिनोन्महिने विटकरी. मी चिडायचे, कारण मी एक दाणा जास्त खाल्लेला नसायचा आणि आई मात्र माझ्याकडे चोर पकडल्यासारखी बघायची. एकदा मी रागानं ती नळी मोरीत आपटली. बाबांनी काचा गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी नवी आणली, बोलले काहीच नाहीत. त्याचा मला जास्त राग आला.

डॉक्टरांनीच मग तोडगा काढला. म्हणाले, हिला पळू द्या. खेळणाऱ्या अंगाला साखर लागते, ती तिथे खर्ची पडेल. मात्र तीन गोष्टी सांभाळा: रिकाम्या पोटी खेळायचं नाही, गुळाचा खडा कायम जवळ ठेवायचा, आणि बरोबर खेळणाऱ्यांना हिचा आजार माहीत असायला हवा. कारण इन्सुलिन घेतलेलं अंग जास्त पळालं तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, जीभ अडखळते, आणि तेव्हा जिला होतं तिला स्वतःला काही सुचत नाही.

शाळेत खो-खो होता. शिकवणाऱ्या आमच्या बाई उंच, काळ्या, शिट्टी गळ्यात घालूनच जन्मलेल्या. आईचा विरोध होता, पण बाबा पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, डॉक्टर सांगतात ते औषध समजायचं. आईनं तह केला: खेळ, पण बाईंनासुद्धा कळता कामा नये. तीन गोष्टींपैकी तिसरी तिथेच निकालात निघाली.

खो-खो ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगते. आठ जणी एका ओळीत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी धावते समोरच्या संघातल्या पळणारीच्या मागे. आपल्याच्यानं होत नाही असं दिसलं की बसलेल्या एकीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणायचं, की ती उठून धावणार. त्या थापेची वाट बघत मातीवर बोटं टेकवून बसणं, यासारखं सुख मला आयुष्यात फार थोड्या गोष्टींनी दिलं. अंगातला सगळा राग पायांत उतरायचा. वर्षभर मी मापून खाल्लं होतं, मापून टोचून घेतलं होतं, आणि इथे बाई ओरडत होत्या, “अजून जोरात पळ, अजून जोरात!”

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी नळी उकळली आणि निळीच राहिली. बाबांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग आईला बोलावलं. आम्ही तिघंही त्या नळीकडे बघत हसत उभे होतो. बाबांनी ती रात्री जेवणं होईपर्यंत फळीवर तशीच ठेवली. मी सुखानं रडले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

तर आता राहिल्या दोन गोष्टी. खाऊन जायचं, आणि गूळ जवळ ठेवायचा. गूळ मी रुमालाच्या गाठीत बांधून नेत असे. एके दिवशी जिन्यात गाठ सुटली आणि खडा गडगडत थेट काकांच्या पायाशी. ते बघतच राहिले. शपथ घेतलेली मुलगी आणि रुमालात गूळ! मी वाटेल ते बोलले, की मैत्रिणीचा आहे, सांभाळायला दिलाय. काकांनी विश्वास ठेवला, पण मी घरी येऊन सांगितल्यावर आईनं रुमालच काढून घेतला. त्या दिवसापासून गूळ बंद. खाऊन जातेसच ना, मग झालं, असं आईनं स्वतःची समजूत घातली. मलाही ते पटलं. शपथेवाली म्हणून मिळणारा मान मला हळूहळू आवडायला लागला होता, हेही कबूल करते.

पुढच्या हिवाळ्यात आमच्याच मैदानावर सामना ठरला, दादरच्या मुलींशी. चाळ लोटली होती. काका पुढे, धोतर आणि डोक्यावर काळी टोपी. आई सहसा यायची नाही, पण बायका चालल्या म्हणून तीही मागे येऊन उभी होती. मी दुपारी दोनला भाकरी खाऊन निघालेले, सामना चारचा. पण प्रमुख पाहुण्यांना यायला उशीर झाला. आले ते भाषणाला उभे राहिले, आणि त्या काळी मुंबईत कुणी भाषणाला उभा राहिला की महाराष्ट्र मिळाल्याशिवाय खाली बसत नसे. खेळ सुरू झाला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

पहिला डाव मी मस्त खेळले. दोघी बाद केल्या, पळायच्या पाळीत चार मिनिटं टिकले. दुसऱ्या डावात बसले असताना हाताची बोटं कापताना दिसली. घामानं सदरा अंगाला चिकटला. ओळीच्या टोकाचा खांब एकाचे दोन झाला. पाठीवर थाप बसली, मी उठले आणि भलत्याच दिशेला धावले. लोक हसले. बाई शिट्टी वाजवत आल्या. काय होतंय हे मला कळत होतं, म्हणजे तळाशी कुठेतरी कळत होतं, आणि मी कसंबसं म्हटलं, “साखर.”

आमच्या कप्तान मुलीनं ते ऐकलं आणि ओरडली की हिला साखर हवीय. आणि तिथे काका आडवे आले. शुद्ध हरपत चालल्येय म्हणून पोरीचं व्रत मोडायचं का, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. उद्या शुद्धीवर आली की तीच आपल्याला बोल लावेल. लोकांना पटलं. मला पाणी पाजलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगायला दिली. एका सद्गृहस्थानं टोपीनं वारा घातला. काकांनी सरबतवाल्याकडून लिंबाचं पाणी करून आणलं, आणि करताना स्वतः उभे राहिले, साखर नाही, फक्त मीठ. एवढ्या प्रेमानं कुणाला मरणाच्या दारी नेलं नसेल.

मला यापुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं, बाकी मैत्रिणींनी सांगितलं. आई गर्दीतून आली. तिच्या पदराचा पत्ता नव्हता. घाबरली की तिच्या तोंडून गावची मालवणी यायची, एरवी ती चारचौघांत शहरी बोलायची. ती भर मैदानात ओरडली, “व्रतबित काय नाय तेचा! मी खोटा सांगलंय. माज्या चेडवाक मधुमेह आसा. साकर हाडा, बेगीन हाडा!”

पोरीला साखर आणा, लवकर आणा, एवढं मालवणी सगळ्यांना कळलं. आणि मग सत्तरीचे काका, धोतराचा सोगा एका हातात धरून, सरबतवाल्याच्या गाडीकडे पळाले. माझ्या मैत्रिणी शपथेवर सांगतात की त्या दिवशी मैदानावर त्यांच्याइतकं जोरात कुणी पळालं नाही. त्यांनी अख्खी बरणीच आणली. आईनं मूठभर साखर माझ्या गालात कोंबली आणि वरून पाणी. पंधरा मिनिटांनी मी डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, की आपण जिंकलो का. हरलो होतो.

मला वाटलं, संपला खो-खो. त्या रात्री आई भिंतीकडे तोंड करून निजली होती आणि झोपलेली नव्हती. सकाळी काका दारात आले. ते संतापले होते आणि त्यांचं बरोबर होतं. ते म्हणाले, दीड वर्षं मी प्रभातफेरीत या पोरीचं नाव घेऊन लोकांना उभं केलं, आणि काल माझ्याच हातानं तिला मीठपाणी पाजलं. ती गेली असती तर ते पाप मी कुठे फेडणार होतो? आई उंबऱ्यात बसून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, की चूक माझी आहे, पोरीवर राग धरू नका. काका तसेच जिना उतरून गेले. पंधरा दिवस त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. सोळाव्या दिवशी त्यांची सून वाटीभर गूळ घेऊन आली, मामंजींनी दिलाय म्हणाली, पोरीच्या रुमालासाठी. आईनं त्यातला एक खडा लगेच माझ्या रुमालाच्या गाठीत बांधला.

त्याआधी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो, तिघंही, गुन्हेगारासारखे. मी बाकावर बसून मनातल्या मनात भांडणाची तयारी केली होती. खेळ बंद म्हणाले तर मी सुई घेणार नाही, असं सांगायचं ठरवलं होतं. मूर्खपणाच, पण माझ्याकडे दुसरं हत्यार नव्हतं. डॉक्टर मला नाही, आईला बोलले. म्हणाले, खेळ चुकला नाही, खेळामुळे ही पोर बाळसं धरत्येय. तुमचं लपवणं तिच्या जिवावर आलं. मग कागद घेऊन बसले. खेळायला उतरायच्या अर्धा तास आधी अर्धी भाकरी किंवा केळं, मग सामना कितीही लांबो, दर अर्ध्या तासानं काहीतरी तोंडात. नळी विटकरी असेल आणि अंग मोडून आलं असेल त्या दिवशी मैदानावर पाय ठेवायचा नाही, कारण तेव्हा पळून साखर उतरत नाही, उलट बिघडतं. खेळून आल्यावर पाय धुऊन तळवे बघायचे, काटा, फोड, चीर, काहीही असो. रात्री निजताना पुन्हा थोडं खायचं, पळण्याचा परिणाम उशिरापर्यंत राहतो. आणि सगळ्यांना सांगायचं. जितक्यांना माहीत तितकी ही सुखरूप, असं म्हणून त्यांनी कागद आईच्या हातात दिला. आईला वाचता येत नव्हतं. बाबांनी तो घरी तीनदा वाचून दाखवला आणि तिनं पाठ केला.

त्यानंतरची आई म्हणजे कहर होता. रोज संध्याकाळी ती मला खाटेवर बसवून माझे तळवे कंदिलाजवळ धरायची आणि तांदूळ निवडावेत तशी बोटं निवडायची. मला गुदगुल्या व्हायच्या, मी पाय झाडायचे, ती गुडघ्यावर फटका द्यायची. बाईंना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. बाईंनी मला दोन दिवस रागानं ओळीत घेतलं नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून शिट्टीबरोबर त्यांच्या गळ्यात एक छोटी पिशवी आली, तिच्यात खडीसाखर.

मार्चमध्ये परतीचा सामना होता, दादरला. आई आमच्याबरोबर निघाली. काखेत डबा, डब्यात केळी आणि गूळ. मला वाटलं, कोपऱ्यात बसेल. ती बसली नाही. मैदानाच्या कडेकडेनं फिरून तिनं एकेकाला सांगायला सुरुवात केली. आधी पंचांना. मग पाणी देणाऱ्याला, भेळवाल्याला, समोरच्या मुलींच्या बाईंना. ती ओळीत पाचवी बसलेली, वेणी वर बांधलेली, ती माझी मुलगी. तिला मधुमेह आहे. भलतंच बोलायला लागली, भलतीकडे पळाली, तर दुसरं काही करू नका, हे घ्या, हे तिच्या तोंडात घाला. असं म्हणून प्रत्येकाच्या हातात एक खडा. अनोळखी माणसं हातात गूळ धरून उभी. मी लाजेनं अर्धमेली झाले. ओळीतूनच ओरडले, आई, पुरे आता. तिनं लक्षच दिलं नाही. दोन वर्षं दाबून ठेवलेलं ते वाक्य तिला एकदा म्हणून भागत नव्हतं.

शिट्टी झाली. मी बोटं मातीवर टेकवली. केळं खाल्लेलं होतं, सकाळी नळी हिरवट होती, तळवे साफ होते, आणि मैदानाभोवती शंभरएक माणसांना माझं गुपित माहीत होतं. मला एकाएकी इतकं हलकं वाटलं की हसूच यायला लागलं.

यानंतरचं मी ऐकलेलं नाही, आमच्या बाई जवळ उभ्या होत्या, त्यांनी सांगितलं. दादरच्या मुलींपैकी कुणाची तरी आई, चांगल्या घरची, हातात गुळाचा खडा घेऊन आईजवळ सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “अहो, मुलीची जात. असं सगळीकडे सांगत काय फिरता? उद्या लग्नाचं कसं करणार?”

नेमकी तेव्हाच माझ्या पाठीवर थाप पडली.

“थांबा हो जरा,” आई मैदानावरची नजर न काढता म्हणाली, “तिला खो मिळालाय.”